देहातील लोहसंचय आणि पुरुषाचे वंध्यत्व

लोह म्हटले की आपल्या मनात बळाची कल्पना उभी राहते. काटक माणसाला आपण पोलादी देहाचा म्हणतो. अशक्तपणा आला की लोखंडाच्या कढईत भाजी शिजवावी असे घरातील वडीलधारी माणसे सुचवितात. आणि आयुर्वेदीय औषधांत लोहभस्माला मानाचे स्थान आहे. ही समजूत निराधार नाही. रक्ताचा तांबडा रंग ज्या द्रव्यामुळे असतो त्या हीमोग्लोबिनच्या घडणीत लोह असते, आणि ते कमी पडले तर देहाच्या कानाकोपऱ्यांत ऑक्सिजन पोहोचविण्याचे काम मंदावते. परंतु जे द्रव्य कमी पडले असता माणूस दुर्बल होतो, तेच प्रमाणाबाहेर साठले तर यकृत, हृदय आणि सांधे यांना अपाय करते, आणि कित्येकदा पुरुषाची संततिक्षमताही हिरावून घेते.

हे कसे घडते, आईबापांकडून आलेल्या जनुकांचा त्याच्याशी कितपत संबंध आहे, आणि ज्या जोडप्याला मूल होत नाही त्याने या माहितीचा कोणता उपयोग करावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

जमा आहे, खर्च नाही

प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ४ ग्रॅम लोह असते. त्यातील दोन-तृतीयांश हीमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते आणि उरलेल्यापैकी बरेचसे यकृतात शिलकीत ठेवलेले असते. एवढे लोह बाळगणाऱ्या देहाला दररोज अन्नातून मात्र अवघे १ ते २ मिलिग्रॅम लोह पुरते. याचे कारण असे की देह या बाबतीत अत्यंत काटकसरी आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्या जीर्ण झाल्या की त्यांच्यातील लोह काढून घेऊन नव्या पेशींच्या घडणीस पुन्हा लावले जाते.

जमाखर्चाच्या या वहीत एक विलक्षण गोष्ट आहे. इंग्लंडमधील मॅकन्स आणि विडोसन या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये असे दाखवून दिले की जादा झालेले लोह हेतुपूर्वक बाहेर टाकण्याची सोय देहात नाही. त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जे थोडेसे जाईल तेवढेच जाते. स्त्रियांच्या देहातून मासिक पाळीच्या वाटे काही लोह बाहेर पडते. पुरुषांना तीही वाट नाही. म्हणून लोहाचे प्रमाण राखण्याची सारी जबाबदारी प्रवेशद्वारावर, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागावर, येऊन पडते.

या द्वाराचा पहारेकरी यकृतात तयार होतो. त्याचे नाव हेप्सिडिन. हे केवळ २५ ॲमिनो अम्लांचे छोटेसे हॉर्मोन असून त्याचा शोध २००० सालच्या आसपास लागला. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारे एक प्रथिन असते. त्याला फेरोपोर्टिन म्हणतात. देहात लोह पुरेसे झाले की यकृत हेप्सिडिन सोडते, हेप्सिडिन फेरोपोर्टिनची दारे बंद करते, आणि अन्नातील बाकीचे लोह मलावाटे निघून जाते. हा पहारेकरीच नसला किंवा झोपी गेला, तर दार रात्रंदिवस उघडे राहते.

त्याचा परिणाम केवढा होतो हे साध्या हिशेबाने कळेल. दररोज गरजेपेक्षा २ मिलिग्रॅम लोह अधिक आत आले, तर वर्षाला ७३० मिलिग्रॅम साठतात. ही रास पाहता पाहता वाढत जाऊन ३० वर्षांत सुमारे २२ ग्रॅमांवर जाते. म्हणजे जेथे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे लोह असावयास हवे, तेथे त्यात आणखी दोन तोळ्यांची भर पडते.

कांस्यवर्णी मधुमेहाचा इतिहास

या संचयाची बाह्य लक्षणे वैद्यांच्या नजरेस फार पूर्वीच आली होती. फ्रान्समधील आर्मां ट्रूसो यांनी १८६५ मध्ये अशा एका मधुमेही रुग्णाचे वर्णन केले की ज्याच्या त्वचेवर कांस्यासारखी छटा आली होती. पुढे १८८९ मध्ये जर्मनीतील फोन रेकलिंगहाउझेन यांनी या विकाराला हीमोक्रोमॅटोसिस हे नाव दिले. यकृत कठीण होणे, मधुमेह, त्वचेचा काळपट-तांबूस वर्ण, सांधेदुखी, अंगावरील केस विरळ होणे आणि वृषणांचा संकोच ही त्याची ठळक लक्षणे म्हणून नोंदली गेली.

हा विकार मद्यपानाने होतो की आणखी कशाने, याविषयी दीर्घकाळ वाद चालला होता. १९३५ मध्ये जोसेफ शेल्डन या ब्रिटिश वैद्याने तोवर प्रसिद्ध झालेल्या शेकडो रुग्णांची माहिती एकत्र करून हा जन्मजात चयापचय-दोष असावा असे प्रतिपादन केले. त्यांचे म्हणणे खरे ठरावयास बराच काळ जावा लागला. १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समधील मार्सेल सिमॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा संबंध सहाव्या गुणसूत्राशी जोडून दाखविला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रत्यक्ष जनुकच शोधून काढले. त्याला आज एचएफई असे म्हणतात.

या जनुकाने घडविलेले प्रथिन यकृतपेशीला रक्तातील लोहाची वर्दी देण्याच्या कामात भाग घेते. त्या प्रथिनाच्या साखळीतील २८२ व्या जागी सिस्टीन हे ॲमिनो अम्ल असावयास हवे. जनुकातील एकच अक्षर बदलल्यामुळे तेथे टायरोसीन येते. या उत्परिवर्तनाला सी-२८२-वाय असे म्हणतात. वर्दी पोहोचत नाही, हेप्सिडिन पुरेसे सुटत नाही, आणि दार उघडे राहते. १९९६ च्या त्या अभ्यासातील १७८ रुग्णांपैकी ८३ टक्के रुग्णांत आईकडून व बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत हाच दोष आढळला. याच जनुकात ६३ व्या जागी होणारा आणखी एक बदल आहे. त्याला एच-६३-डी म्हणतात. तो पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतो, परंतु त्याचा परिणाम फारच सौम्य असतो.

येथे आनुवंशिकतेचा नियम लक्षात ठेवला पाहिजे. एकच प्रत सदोष असलेला माणूस केवळ वाहक असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यामागे चारात एक एवढा संभव असतो की त्याच्याकडे दोन्ही प्रती सदोष याव्यात.

दोष वृषणांत की मस्तकातील ग्रंथीत?

रक्तातून लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन असते. लोहाचा ओघ फार वाढला की या वाहकाच्या सर्व जागा भरतात, आणि मोकळे लोह यकृत, हृदय, स्वादुपिंड आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्या पेशींत शिरू लागते. मोकळे लोह हे धोकादायक द्रव्य आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की अत्यंत विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये वर्णिलेली ही प्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे मूलक पेशींच्या पटलांना व जनुकद्रव्याला इजा करतात.

आता वाचकाला साहजिकच असे वाटेल की लोह वृषणांत साचत असावे आणि म्हणूनच शुक्राणू नष्ट होत असावेत. वस्तुस्थिती तशी नाही. शुक्राणू जेथे तयार होतात त्या सूक्ष्म नलिकांभोवती पेशींची एक घट्ट तटबंदी असते, आणि तिच्या आत शुक्राणूंना लागणारे लोह मोजूनमापून पुरविले जाते. या विकाराने मृत झालेल्या रुग्णांच्या वृषणांची तपासणी केली असता ते संकोच पावलेले दिसत, पण त्यांत लोहाचा साठा त्या मानाने थोडाच असे. खरा आघात अन्यत्र झालेला असतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिला पोष ग्रंथी किंवा पिट्युटरी म्हणतात. तिच्यातील विशिष्ट पेशी दोन हॉर्मोने रक्तात सोडतात. एकाच्या प्रेरणेने वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन तयार होते. दुसऱ्याच्या प्रेरणेने शुक्राणूंच्या निर्मितीला चालना मिळते. लोह या पेशींत विशेषेकरून साचते. त्या क्षीण झाल्या की वरून येणारी आज्ञाच थांबते. वृषण मुळात धडधाकट असूनही निरुद्योगी होतात आणि आक्रसू लागतात. कामेच्छा मंदावते, दाढीमिशा व अंगावरील केस विरळ होतात, आणि वीर्यातील शुक्राणूंची संख्या घटते.

रोगाचे मूळ येथे आहे हे रक्तपरीक्षेवरून ओळखता येते. वृषण स्वतःच निकामी झाले असते, तर पोष ग्रंथीने अधिकाधिक हॉर्मोन सोडून त्यांना हाका मारल्या असत्या, आणि रक्तातील त्या हॉर्मोनांची पातळी चढलेली दिसली असती. लोहसंचयाच्या रुग्णांत टेस्टोस्टेरॉन उतरलेले असते आणि पोष ग्रंथीची हॉर्मोनेही उतरलेलीच असतात. हाक मारणाराच मुका झालेला असतो.

संबंध किती घट्ट?

मग सदोष जनुक असलेला प्रत्येक पुरुष वंध्य होतो काय? या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण असे की सदोष जनुक असणे आणि लोह साठणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनमधील ४० ते ७० वर्षे वयाच्या ४,५१,२४३ स्वयंसेवकांची माहिती तपासून २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २,८९० व्यक्तींत सी-२८२-वाय हे उत्परिवर्तन दोन्ही प्रतींत होते. तथापि अशा पुरुषांतही अभ्यासाच्या अखेरीपर्यंत सुमारे एक-पंचमांशांतच या विकाराचे निदान झालेले होते. आहार, मद्यपान, रक्तदान आणि अन्य जनुके यांचाही प्रभाव लोहाच्या साठ्यावर पडतो.

दुसरे कारण काळाचे आहे. एचएफई जनुकाच्या दोषाने होणारा संचय मंदगतीने वाढतो आणि त्याची लक्षणे बहुधा चाळिशीनंतर प्रकट होतात. पुरुष सामान्यतः त्यापूर्वीच बाप झालेला असतो. म्हणूनच या विकाराच्या रुग्णांत कामेच्छा मंदावल्याची तक्रार अधिक आढळते आणि अपत्यहीनतेची त्या मानाने कमी. शिवाय निदान पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागल्यामुळे पोष ग्रंथी निकामी झालेले रुग्णही आता कमी दिसतात.

तिसरे कारण पुराव्याच्या स्वरूपाचे आहे. तुर्कस्तानातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एच-६३-डी हे उत्परिवर्तन आणि शुक्राणूंची सदोष हालचाल यांत संबंध आढळल्याचे नमूद केले. अशा निष्कर्षांकडे आदराने, पण सावधपणे पाहिले पाहिजे. युरोपातील दर चार-पाच माणसांत एकाकडे हे उत्परिवर्तन असते. एखाद्या गावात दर चौथा माणूस पागोटे घालीत असेल, तर त्या गावच्या आजाऱ्यांतही दर चौथा पागोटेवालाच निघणार. तेवढ्यावरून पागोट्याने आजार होतो असे ठरत नाही. तुलनेसाठी निरोगी माणसे तितक्याच काळजीने निवडली आहेत काय, त्या पुरुषांच्या देहात प्रत्यक्ष लोह वाढलेले होते काय, आणि तोच निष्कर्ष इतरांनाही मिळाला काय, हे प्रश्न अशा वेळी विचारावे लागतात. एच-६३-डी एकट्याने क्वचितच लोह साठविते. म्हणून ज्याचे लोह प्रमाणात आहे अशा पुरुषाच्या वंध्यत्वाचे खापर केवळ त्या उत्परिवर्तनावर फोडणे योग्य होणार नाही.

जेथे संबंध निर्विवाद आहे

याच विकाराचा एक विरळ परंतु उग्र प्रकार आहे. तो तारुण्याच्या उंबरठ्यावरच प्रकट होतो. त्याला कारण होणारी जनुके निराळी आहेत. एक आहे हेप्सिडिनचे स्वतःचे जनुक. दुसरे हेमोज्युवेलिन या प्रथिनाचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असून ते २००४ मध्ये सापडले. यांत दोष असला की हेप्सिडिन जवळजवळ तयारच होत नाही. पहारेकरी झोपलेला नसतो. तो मुळी नसतोच. लोहाचा लोंढा इतका मोठा असतो की तिशीच्या आत हृदय दुर्बल होते आणि पोष ग्रंथी निकामी होते. कित्येक रुग्णांत तर लैंगिक वाढ खुंटणे हेच पहिले लक्षण असते. मासिक पाळीचे संरक्षणही येथे अपुरे पडते, त्यामुळे तरुण व तरुणी दोघांनाही हा विकार सारखाच ग्रासतो.

दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मूळ प्रश्नाचा उलगडा होतो. संततिक्षमता हरपते ती सदोष जनुकाच्या केवळ अस्तित्वाने नव्हे. ती हरपते साठलेल्या लोहामुळे, आणि ते किती साठले व कोणत्या वयात साठले यावर सारे अवलंबून असते.

आपल्या देशातील परिस्थिती

सी-२८२-वाय हे उत्परिवर्तन मुख्यत्वे उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते. भारतीयांत ते अतिशय दुर्मिळ आहे. एच-६३-डी मात्र आपल्याकडेही आढळते. म्हणून परदेशी पुस्तकांतील आकडे जसेच्या तसे येथे लावणे चुकीचे ठरेल. भारतीय रुग्णाच्या जनुकपरीक्षेत सी-२८२-वाय सापडले नाही, एवढ्यावरून त्याच्या देहात लोह साठलेले नाही असेही म्हणता येत नाही.

आपल्याकडे लोहसंचयाचे अधिक मोठे कारण थॅलसीमिया हे आहे. हाही आनुवंशिक विकार असून त्याच्या तीव्र प्रकारात मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह देहात येते, आणि ते बाहेर पडावयास वाट नसते. हे लोह वेळीच काढले नाही तर त्याच पोष ग्रंथीवर तोच आघात होतो. वयात येणे लांबते आणि पुढे अपत्यप्राप्तीत अडथळा येतो. या रुग्णांचे रक्त काढून घेणे शक्य नसते. त्यांना लोह बांधून बाहेर नेणारी औषधे द्यावी लागतात. त्यांपैकी तोंडाने घेता येणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधाला प्रथम परवानगी मिळाली ती १९९० नंतरच्या दशकात, आणि ती भारतात.

हे वाचून कोणी लोहाचीच धास्ती घेऊ नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रिया व २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. आपल्या बहुसंख्य कुटुंबांपुढील प्रश्न लोहाच्या अभावाचा आहे, अतिरेकाचा नव्हे. मात्र रक्त न तपासता वर्षानुवर्षे लोहयुक्त टॉनिके घेत राहणे पुरुषांनी टाळावे, एवढा बोध यातून घ्यावा.

परीक्षा आणि उपचार

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाची जनुकपरीक्षा करणे अनावश्यक आहे. परंतु ज्याचे टेस्टोस्टेरॉन कमी आहे आणि पोष ग्रंथीची हॉर्मोनेही कमी आहेत, त्याच्या रक्तातील लोहाची तपासणी अवश्य व्हावयास हवी. ट्रान्सफेरिनच्या एकूण जागांपैकी किती जागा लोहाने भरल्या आहेत आणि फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनाची पातळी किती आहे, या दोन साध्या परीक्षांनी संशय बराचसा मिटतो. दोन्ही एकत्र पाहणे इष्ट. कारण फेरिटिन ताप, सूज, मद्यपान किंवा यकृतातील मेद यांमुळेही वाढते. संशय बळावला तर एमआरआय चित्रणाने यकृतातील व पोष ग्रंथीतील लोह पाहता येते आणि मग जनुकपरीक्षेला अर्थ प्राप्त होतो. निदान पक्के झाल्यास भावाबहिणींचीही तपासणी करून घ्यावी. कारण तेच जनुक त्यांच्याकडेही असू शकते.

उपचार आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. दर आठवड्याला सुमारे अर्धा लिटर रक्त काढावयाचे. नवे रक्त घडविण्यासाठी देह साठ्यातील लोह वापरतो, आणि प्रत्येक खेपेस २०० ते २५० मिलिग्रॅम लोह कमी होते. दहा ग्रॅमांचा जादा साठा उतरविण्यास असे सुमारे एक वर्ष लागते. पोष ग्रंथी अजून पूर्ण नष्ट झालेली नसेल, तर काही तरुण रुग्णांत ती पुन्हा कार्यक्षम झाल्याची उदाहरणे आहेत. उतारवयात व दीर्घ संचयानंतर अशी आशा क्वचितच फळाला येते.

तरीही सर्व मार्ग खुंटत नाहीत. वृषण धडधाकट असल्याने पोष ग्रंथीच्या हॉर्मोनांची उणीव इंजेक्शनांनी भरून काढता येते, आणि त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. एका शुक्राणूच्या घडणीस सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून येथे महिन्यांचा धीर धरावा लागतो. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. नुसत्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी अंगात उत्साह येतो, पण शुक्राणू वाढत नाहीत. उलट पोष ग्रंथीची उरलीसुरली आज्ञाही थांबते. ज्याला मूल हवे आहे त्याने हा उपचार परस्पर सुरू करू नये.

शेवटी एका सामाजिक गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. अपत्य झाले नाही की आपल्या समाजात पहिले बोट पत्नीकडे दाखविले जाते. ती वर्षानुवर्षे औषधे घेते, व्रतवैकल्ये करते, टोमणे सोसते, आणि पतीची मात्र एकदाही तपासणी होत नाही. वास्तविक अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणांचाही वाटा असतो. लोहसंचय हे त्यांतील एक लहानसेच कारण आहे. पण ते कळण्यास रक्ताची एक नळी पुरते, आणि वेळेवर कळले तर केवळ अपत्याची आशाच नव्हे, तर त्या पुरुषाचे यकृत, हृदय आणि आयुष्यही राखले जाते. म्हणून तपासणीची वेळ आली की पतिपत्नींनी दवाखान्याची पायरी बरोबरच चढावी.